मंजुषाचं कागदी सासर

आयर्लंडमधून अन्नसुरक्षा या विषयात एम.एस्सी. होऊन आलेल्या मंजुषाचं नाव लातूरच्या तिच्या स्वतःच्या घरच्या रेशनकार्डात नव्हतं.

हे तिला कळलं ते बँकेच्या एका फॉर्मसाठी कपाट उपसताना. दोन वर्षांपूर्वी ती कॉर्क नावाच्या गावी शिकायला गेली तेव्हा कार्डात चार नावं होती. शांतम्मा, म्हणजे अव्वा, तिची आई. विरूपाक्ष, म्हणजे अप्पा, वडील. थोरला भाऊ वीरेश. आणि चौथी ती. नव्या कार्डातही चारच होती. फक्त चौथ्या ओळीत शिल्पा होती.

शिल्पा म्हणजे वीरेशची बायको. माहेर लोह्याजवळच्या खेड्यातलं. हे लग्न मंजुषाने कॉर्कच्या खोलीत बसून फोनवर पाहिलं होतं. अक्षता पडायच्या वेळी नेमकं नेट गेलं, त्यामुळे तिच्या मते ते लग्न अजून अर्धवटच होतं. पण घरात शिल्पा पूर्ण आली होती. इतकी पूर्ण, की मंजुषा परत आली तेव्हा तिला ठेवायला जागा शोधावी लागली.

खरं तर शिल्पाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट तिचा एकही दोष सापडत नव्हता, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा दोष होता. नळ कोणत्या दिवशी येणार ते शिल्पाला माहीत. अप्पांची पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर, ते शिल्पाला माहीत. मंजुषाच्या खोलीत आता शिल्पाचं शिलाई मशीन होतं. वायफायचा पासवर्ड शिल्पाच्या वाढदिवसाचा होता, आणि तो मंजुषाला शिल्पालाच विचारावा लागला. गंजगोलाईतल्या अप्पांच्या भांड्यांच्या दुकानातला नोकरसुद्धा फोनवर आधी "वहिनी हायत का" असं विचारायचा. अव्वाला काही हवं असलं की ती स्वयंपाकघरातून "शिल्पा" अशी हाक मारायची, मग आठवण झाल्यासारखी "नाहीतर मंजू" असं जोडायची. हे "नाहीतर" मंजुषाच्या घशात गेले दोन महिने अडकलं होतं.

बरं, कॉर्कहून आणलेल्या सवयीही तिच्या बाजूने नव्हत्या. ती रिक्षावाल्याला थँक्यू म्हणायची, तेव्हा तो मागे वळून कुणाला म्हटलं ते बघायचा. जेवताना पोळी नको असेल तर ती "नको" म्हणायची आणि खरंच नको असायची, हे अव्वाला फार लागायचं. भाजीवालीने तर एकदा शिल्पाला तिच्यासमोरच विचारलं होतं, "पाहुण्या अजून हायत काय?"

तर अशा परिस्थितीत ते कार्ड तिच्या हाती लागलं.

"अप्पा, माझं नाव कुठंय?"

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, धुरपताबाई म्हणाल्या, परदेशातल्या माणसाचं नाव कार्डात राहिलं तर चौकशी लागते. म्हणून कमी केलं. तसंही शिल्पाचं चढवायचंच होतं. एकाच खेपेत दोन्ही कामं झाली."

धुरपताबाई म्हणजे शेजारच्या. त्यांना कुठलाही कायदा वाचावा लागत नाही, तो त्यांना आतूनच सुचतो.

"आता मी आलेय. नाव परत लावायचं."

"कामून?" अव्वाने डाळ निवडता निवडता विचारलं. "पांढरं कार्ड हाय आपलं. त्यावर कधी दाणा तरी आला का घरात? आन तू काय, उद्या लग्न होऊन जाणारच हायस."

अव्वा हे सहज बोलली. ज्या गोष्टी सहज बोलल्या जातात त्यांना उत्तर नसतं, हा मंजुषाचा अनुभव. ती एवढंच म्हणाली, "मला गहू नकोय. नाव पाहिजे."

"ताई, मी येते की सोबत," शिल्पा म्हणाली. "मला ती कचेरी माहीत आहे."

"नको," मंजुषा म्हणाली, आणि या वेळी खरंच नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. कॉर्कमध्ये रांगेतल्या दोन माणसांत हातभर अंतर ठेवतात. लातूरला तेवढ्या अंतरात चार माणसं आणि एक सायकल मावते. ती अकरा वाजता रांगेत तिसरी होती, साडेबाराला नववी झाली. पुढे घुसणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून असं काही प्रेमळ हसला, की तिला वाटलं आपणच त्यांना बोलावलं असावं. शेवटी जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात ती खिडकीशी पोचली. आत धम्मानंद नावाचे कारकून होते. माणूस शांत, मृदू. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

त्यांनी संगणकात कार्डाचा नंबर टाकला. "नाव कमी झालंय. कारण, विवाह."

"कुणाचा?"

"तुमचा."

"माझं लग्न झालेलं नाही."

"मी कुठं म्हणतोय झालंय, मॅडम. हे म्हणतंय," असं म्हणून त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर खरंच तसं होतं. "काही हरकत न्हाई. सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, लगेच इकडं घेतो."

"अहो, मला सासरच नाही."

"मग नवऱ्यापासून वेगळं झाल्याचा कोर्टाचा कागद आणा. त्याच्यावर बी चालतंय."

मंजुषाचा धीर सुटला. तिने जे करू नये असं ठरवलं होतं ते केलं. "हे बघा, मी परदेशातून अन्नसुरक्षेत मास्टर्स करून आलेय."

धम्मानंद आदराने अर्धे उठले. "मग तुम्हाला आम्ही काय सांगावं. तुम्हाला माहीतच असंल, अन्नसुरक्षेसाठी पहिलं कार्डात नाव लागतंय."

दुर्दैवाने मागे चौथ्या नंबरावर धुरपताबाई उभ्या होत्या. त्या कशासाठी आल्या होत्या कोण जाणे. बहुधा आतून सुचलं असावं. त्यांनी फक्त तीन शब्द ऐकले: सासर, नवरा, कोर्ट. त्यांना तेवढे पुष्कळ झाले.

मंजुषा रिक्षाने घरी पोचली त्याआधी बातमी चालत पोचली होती. पोरीने तिकडे गोऱ्याशी लग्न केलं होतं, आता मोडलंय, कोर्टाचा कागद मिळत नाही म्हणून बिचारी हेलपाटे घालून राहिली. समोरच्या काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "झालं गेलं इसरून जायचं, बाई" म्हणून डोळे पुसले. उदगीरहून मावशीचा फोन आला. तिने काही विचारलं नाही, फक्त मोठा सुस्कारा सोडला. दोन दिवसांनी धुरपताबाई स्वतः एक स्थळ घेऊन आल्या: चाकूरचा बिजवर, दोन लेकी, स्वभावाने गरीब. "आता आपली बाजू पडती हाय तर आपुन जास्त बघू नये," असं त्यांनी अव्वाला समजावलं. फोटोत तो गृहस्थ एका ट्रॅक्टरला टेकून उभा होता आणि ट्रॅक्टर त्याच्यापेक्षा तरुण दिसत होता.

हे सगळं मंजुषाने हसून घालवलं असतं. पण धुरपताबाई गेल्यावर अव्वा तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मंजू, खरं सांग. तिकडं काही केलं तर न्हाईस ना गं?"

मंजुषा उत्तर द्यायच्या आत शिल्पा ताकाचं भांडं घेऊन दारात आली. "अव्वा, ताई तसलं काही लपवायच्या नाहीत. मला खात्री आहे."

"हां, तू म्हणतीस तर बराबर हाय," अव्वा म्हणाली आणि निश्चिंत होऊन ताक घ्यायला उठली.

आता सांगा, सत्तावीस वर्षांच्या सख्ख्या लेकीच्या चारित्र्याला दीड वर्षाच्या सुनेने जामीन राहायचं, आणि आईने तो जामीन लगेच मंजूर करायचा. मंजुषा ते ताक प्यायली नाही. तहान लागली होती, तरी नाही.

कार्डाचं काम ज्याने केलं होतं तो केरबा कचेरीबाहेर टपरीत लॅपटॉप घेऊन बसायचा. मंजुषाने त्याला गाठलं. त्याने नंबर टाकला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि एकदम खूश झाला.

"सापडलं. तुम्ही लोह्याला हायसा."

"मी इथं उभी आहे."

"तसं न्हाई. कार्डानं लोह्याला हायसा. त्याचं काय झालं बगा. तुमचं नाव कमी करायला कारण लागतंय. कंप्युटरमंदी कारणं तीनच: मृत्यू, विवाह, स्थलांतर. शिक्षण न्हाई त्याच्यात. मृत्यू घालायला माझं मन धजंना. स्थलांतर घातलं तर नवा पत्ता मागतंय, तो तिकडला गोऱ्यांचा पत्ता घेईना. मग म्हनलं, शुभ कारण घालावं."

"आणि लोहा कुठून आलं?"

"विवाह घातला की कोणत्या कार्डात गेली ते विचारतंय. त्याच दिवशी वहिनीचं लोह्याहून इकडं आणायचं काम होतं. त्यांच्या माहेरचा नंबर समोरच होता. घातला." तो थोडा लाजला. "नातं विचारलं, तर सून घातलं."

शिल्पाच्या माहेरी सून होण्यासारखं एकच निमित्त होतं: शिल्पाचा भाऊ दयानंद, वय बत्तीस, शेती करणारा, अविवाहित. म्हणजे सरकारच्या लेखी शिल्पा इकडे आली होती आणि तिच्या बदल्यात मंजुषा तिकडे गेली होती. पूर्वी याला साटंलोटं म्हणत. त्यात निदान दोन्ही पोरींना जेवण तरी मिळायचं.

आता लोह्याला जाणं आलं, आणि शिल्पाला घेऊन जाणंही आलं. अहमदपूरच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. शिल्पाने डबा आणला होता, पाण्याची बाटली आणली होती, मंजुषाला बस लागते म्हणून आवळा सुपारीही आणली होती. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अव्वांनी." मंजुषाने सुपारी घेतली, पण मनातून नाही.

शिल्पाची आई सिंधुबाई दारातच होती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो मात्र शिल्पावरून कमी आणि मंजुषावरून जास्त. "पहिल्यांदा येऊन राहिल्या तुम्ही," असं म्हणत तिने मंजुषाला हाताला धरून आत नेलं, सतरंजीवर बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला. शिल्पा चपला काढून उन्हात उभी राहिली आणि मग आपली आपण आत आली.

मंजुषाने सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं हे लोक हसतील. पण सिंधुबाईचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ते पाचवं माणूस तुम्ही हाव व्हय?"

यांचं कार्ड धान्याचं होतं, पाच नावांचं. शिल्पाचं नाव कमी केल्यावरही रेशन दुकानातून पहिल्याइतकंच धान्य मिळत राहिलं. सिंधुबाईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, लेकीचं नाव काढायचं राहून गेलंय. आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही.

"म्हनलं, राहू द्यावं," ती म्हणाली. "तेवढंच लेक घरात हाय असं वाटतं. तिच्या वाट्याचा तांदूळ मी येगळा ठेवत होते बाई. त्याच्या पापड्या करून लातूरला धाडत होते."

त्या पापड्या मंजुषाने कॉर्कहून आल्या आल्या मागून मागून खाल्ल्या होत्या. स्वतःच्याच वाट्याच्या होत्या, तेव्हा तो तसा गुन्हा नव्हता. शिल्पा भिंतीशी बसून सतरंजीचा एक दोरा ओढत होती. आईच्या घरात दीड वर्ष तिच्या नावाने जे वेगळं ठेवलं जात होतं, ते तिचं नव्हतंच.

तेवढ्यात दयानंद शेतातून आला. त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मंजुषाकडे न बघता तिच्यामागच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आस्सं. म्हणून उमरीचं मोडलं."

उमरीचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत, हाही पसंत. शेतकरी मुलाला पोरगी मिळायची मारामार, त्यात हे जुळत आलेलं. आणि मुलीच्या बापाने एके दिवशी निरोप धाडला, की तुमच्यात आधीच भागलेलं दिसतंय, आमच्या पोरीला फसवू नका. घरच्यांना वाटलं, कुणी चहाडी केली. दयानंदने दोन मित्रांशी बोलणं सोडलं होतं. आता कळलं की तो सावध बाप मोबाइलवर कार्ड बघून बसला होता, आणि त्यात एक सून होती.

"ताई, तुमच्या तोंडानं एकदा सांगता का त्यांना?" दयानंदने विचारलं. "मी सांगितलं तर खरं न्हाई वाटायचं."

आणि मग मंजुषाने आयुष्यातला सगळ्यात अवघड फोन केला. उमरीच्या त्या गृहस्थाला तिने स्वतःचं नाव सांगितलं. "मी त्यांची बायको नाही," ती म्हणाली. "म्हणजे कधीच नव्हते. मी त्यांना आज पहिल्यांदा बघतेय." मग केरबा, लातूर, कॉर्क, विवाह आणि स्थलांतर असा सगळा पाढा वाचला. गृहस्थाने शेवटी विचारलं, "मग तुम्ही त्यांच्या घरात आत्ता काय करून राहिल्या?" तेव्हा फोन सिंधुबाईने घेतला आणि तिने दोन मिनिटांत ते असं काही समजावलं, की त्या गृहस्थाने रविवारी भेटायला येतो म्हणून कबूल केलं.

कार्डात घराची प्रमुख सिंधुबाई होती. दयानंदने तिघींना जीपमधून लोह्याच्या कचेरीत नेलं, सिंधुबाईने अर्जावर अंगठा दिला. कारणाच्या रकान्याशी पुन्हा गाडी अडली. विवाह घालता येईना, कारण तोच मुळात चुकला होता. मृत्यूला सिंधुबाई तयार होईना. "माझ्या उंबऱ्यातून असलं काही लिहायचं न्हाई" म्हणून तिने कारकुनाचा हातच धरला. शेवटी स्थलांतर घातलं. पत्ता लातूरचा घातला. तो पत्ता मंजुषाने सांगायच्या आत शिल्पाने पिनकोडसकट सांगितला.

निघताना सिंधुबाईने दोघींना कुंकू लावलं, आणि पापड्यांचा मोठा डबा मंजुषाच्या मांडीवर ठेवला. "तुमच्याच हायत," ती हसून म्हणाली. शिल्पाला तिने शेंगदाण्याची चटणी दिली, छोट्या बरणीत.

परतीच्या बसमध्ये शिल्पा खिडकीशी बसली आणि एक शब्द बोलेना. माळेगाव गेलं, अहमदपूर आलं. ही बडबडी पोरगी गप्प का, हे मंजुषाला आधी कळलं नाही. मग तिने तिची मान बघितली. मान खिडकीकडे वळलेली, पण बाहेरचं काही बघत नसलेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून नजर मात्र डब्यावर. ही मान ती ओळखत होती. गेले दोन महिने ती तिच्या स्वतःच्या खांद्यांवर होती. जळणाऱ्या माणसाला दुसरं जळणारं माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

चाकूरपर्यंत मंजुषाने त्याचा मनमुराद आनंद घेतला. त्यानंतर तिला तो पुरेना.

"वहिनी, डबा तू घे," ती म्हणाली.

"नको ताई. तुम्हाला दिलाय."

"अगं, तुझी आई आहे ती."

"तेच तर," शिल्पा म्हणाली, आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. "तुम्हाला दोन्हीकडे मिळतं. आमच्याकडं पहिल्यांदा गेलात तर पंखा तुमच्याकडं. आणि घरी, मला नळाची वेळ ठाऊक आहे, अप्पांच्या गोळ्या ठाऊक आहेत, म्हणून माझी हाक पडते. एक दिवस विसरले तर काय होईल, या भीतीनं मी सकाळी घड्याळाच्या आधी उठते. तुम्ही दोन महिने काहीच करत नाही ताई, नऊला उठता, ताक पीत नाही, तरी अव्वा म्हणतात, झोपू दे तिला. मला लई हेवा वाटतो."

मंजुषाच्या एकदम लक्षात आलं की खरंच, दोन महिन्यांत तिला कुणी उठवलं नव्हतं. तिने डबा उघडला, कच्चीच एक पापडी मोडून अर्धी शिल्पाला दिली. दोघी त्या कडक पापड्या दाताने फोडत लातूरपर्यंत आल्या. समोरच्या सीटवरच्या म्हातारबाबांनी दोनदा मागे वळून बघितलं.

दाखला दिल्यावर धम्मानंदांनी शब्द पाळला. नवं कार्ड आलं, पाच नावांचं. पाचवी मंजुषा, शिल्पाच्या खाली. अप्पांनी ते कपाटात ठेवलं आणि धुरपताबाईंना सांगू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. अव्वाने शिरा केला. हाक मारताना ती अजूनही "शिल्पा, नाहीतर मंजू" असंच म्हणते. पण नळाच्या दिवशी आता शिल्पा झोपून राहते आणि मंजुषा हंडे भरते. पहिल्या खेपेला तिने सगळा स्वयंपाकघराचा ओटा धुऊन काढला, मुद्दाम नव्हे.

दिवाळीनंतर दयानंदचं लग्न झालं, उमरीच्याच मुलीशी. मंजुषा गेली होती. नवरदेवाच्या मित्रांनी तिला "पहिल्या वहिनी" म्हणून मंडपभर फिरवलं, ते तिने सोसलं. महिन्याने सिंधुबाईचा फोन आला, की सुनेचं नाव कार्डात चढलं, आणि सून लई गुणाची हाय, हाताला चव हाय, पापड्या तर माझ्यापेक्षा सरस करती.

शिल्पाने फोन ठेवला. मंजुषा वर्तमानपत्र वाचत असल्यासारखी बसली होती.

"कितव्या ओळीत चढलं?" तिने विचारलं.

"पाचव्या."

"म्हणजे माझ्या."

"माझ्या, ताई. आधी माझी होती."

मग शिल्पाने मोबाइल काढला, लग्नाचे फोटो उघडले आणि मंजुषाच्या शेजारी सरकून बसली.

"एक सांगा," ती म्हणाली, "हिचं नाक जरा जास्तच पुढं न्हाई का?"

मंजुषाने फोटो मोठा केला. "नाकाचं सोड," ती म्हणाली, "हसणं बघ. पापड्या सरस करणाऱ्या बाईचं हसणं असं असतं का कुठं?"

आतून अव्वाने एक हाक मारली, मग दुसरी. दोघींपैकी कुणालाच ऐकू आली नाही.